गाडी बंद आहे

मी एक जुनी स्कूटर आहे, मित्रांनो. माझा रंग फिकट निळा आहे आणि नंबर सोलापूरचा. माझ्या बरोबरीच्या बहुतेक गाड्या भंगारात गेल्या, मी मात्र अजून रस्त्यावर आहे. ते कसं, हे सांगायचं तर माझ्यावर आलेल्या एका आळाची हकिगत सांगावी लागेल. सात महिने माझ्या नावावर एक खोटं खपवलं गेलं. मला बोलता येत नव्हतं, म्हणून मी ते ऐकून घेतलं.

एकोणीसशे शहाण्णव साली पुण्याजवळच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. पत्रा दाबून माझं अंग घडवलं, निळ्या रंगाचे दोन हात दिले आणि ट्रकमध्ये उभी करून मला सोलापूरला आणलं. दुकानात मी चारच दिवस होते. पाचव्या दिवशी रेवणसिद्ध आले. ते होटगी जंक्शनला रेल्वेच्या सिग्नल खात्यात कामाला होते. तेव्हा त्यांचं वय तेहेतीस होतं. मिशी काळी होती आणि बोटं सतत कशावर तरी ताल धरत असत. माझ्या हँडलवरसुद्धा त्यांनी पहिल्याच दिवशी ताल धरला.

मला घेतलं होतं ते ड्यूटीवर जाण्यासाठी. पण पहिल्याच संध्याकाळी ते मला घेऊन बाळीवेशीत गेले. तिथे त्यांचा मेहुणा नागप्पा राहत असे. नागप्पा म्हणजे रेवणसिद्धांच्या बायकोचा, मल्लव्वांचा, धाकटा भाऊ. त्याचं घड्याळदुरुस्तीचं छोटंसं दुकान होतं. लहानपणी पोलिओने त्याचा डावा पाय बारीक झाला होता, म्हणून तो कुबडी घेऊन चालत असे. त्याने लग्न केलं नव्हतं. गाणं हीच त्याची हौस होती.

"दाजी, मागं बसू का?" त्याने विचारलं.

"मग काय पायी येणार? बस की!"

तो कुबडी आडवी धरून मागे बसला आणि आम्ही तिघं निघालो. त्या दिवसापासून पुढची सव्वीस-सत्तावीस वर्षं माझी मागची सीट नागप्पाची होती.

मित्रांनो, या दोघांनी किती गाणं ऐकलं असेल! हुतात्मा स्मृती मंदिरातल्या मैफली, देवळातली भजनं, अक्कलकोटला लिंगायत संतांचं वचनगायन, गावोगावच्या जत्रांमधली भारुडं. बार्शी, मंगळवेढा, एकदा तर पार विजापूर. मला आत कुणी कधी नेलं नाही. मी बाहेर गाड्यांच्या रांगेत उभी असे. भिंतीपलीकडून तबला जुळवल्याचा ठकठकाट तेवढा ऐकू यायचा आणि शेवटच्या टाळ्या. पण मला मधलं सगळं परतीच्या वाटेवर मिळायचं. दोघं मोठमोठ्याने बोलत, भांडत, गाऊन दाखवत.

"दुसऱ्या रागात तिचा आवाज लागला बघ, नागप्पा."

"दुसऱ्या न्हाई, तिसऱ्या. दुसऱ्याला तुमी पेंगत होता."

माझं कौतुकही खूप झालं. "ही गाडी नसती तर मी दुकानातल्या घड्याळांची टिकटिक ऐकत म्हातारा झालो असतो," असं नागप्पा सगळ्यांना सांगायचा. दर अमावास्येला रेवणसिद्ध मला धुवून हळदकुंकू लावत. माझे कागद वेळच्या वेळी नवे करून घेत. माझ्या आवाजावरूनच त्यांना कळायचं की प्लग बदलायला झाला आहे.

रेवणसिद्ध साठाव्या वर्षी निवृत्त झाले. त्यानंतरच्या जानेवारीत ते दोघं वैरागला एका दुपारच्या मैफलीला गेले. परत येताना दिवेलागण झाली होती. उसाचा हंगाम होता. एका वळणावर उसाने भरलेली ट्रॉली रस्त्यातच उभी होती. तिच्या मागे ना दिवा होता, ना लाल पट्टी. समोरून येणाऱ्या गाडीच्या उजेडाने रेवणसिद्धांचे डोळे दिपले होते. ट्रॉली दिसली तेव्हा ती चार हातांवर आली होती. त्यांनी मला एकदम डावीकडे वळवलं. मी मातीत घसरले आणि आम्ही तिघंही आडवे झालो.

कुणाला फार लागलं नाही. नागप्पाचं कोपर सोलवटलं, आणि कुबडी मोडली. त्याने मोडलेले दोन तुकडे हातात घेतले आणि तो हसला.

"बरं झालं, गाणं ऐकून झाल्यावर मोडली."

रेवणसिद्ध हसले नाहीत. ते माझ्या शेजारी मातीत बराच वेळ बसून होते. 

पुढचे काही आठवडे ते कुठेच गेले नाहीत. सगळ्यांना वाटलं, भीती बसली असेल. भीती होतीच, पण ती महिनाभरात गेली. त्यांना जे वेगळं झालं होतं, ते मी रोज अंगणातून पाहत होते. संध्याकाळी ते पायरीवर बसून शेंगा सोलत. मल्लव्वा ज्वारी निवडत. शेजारची मुलगी पाढे म्हणे. लांबून होटगीकडे जाणारी गाडी ऐकू येई आणि रेवणसिद्ध म्हणत, "मालगाडी हाय. रिकामी." कधी रेडिओ बारीक आवाजात लावत, कधी तोही नाही. रात्री नऊ वाजता दार लावून घेत. तीस वर्षं घंटा, शिट्ट्या आणि कर्णे ऐकलेल्या त्या माणसाला घरातली शांतता गोड लागली होती.

"आता छातीत धडधडणारे ते स्पीकर नको वाटतात बघ," ते एकदा मल्लव्वांना म्हणाले. "हितंच बरं वाटतं."

"मग नागूला सांगा तसं," मल्लव्वा म्हणाल्या.

तिथेच घोडं अडलं. नागप्पाला सांगायचं कसं? त्याला दुचाकी चालवता येत नव्हती. मैफल सुटल्यावर रात्री रिक्षा मिळत नसे, बसच्या गर्दीत चढउतर करणं त्याला फार जड जाई, आणि बाहेरगावचं तर नावच नको. रेवणसिद्ध घरी बसले म्हणजे नागप्पाचंही गाणं संपलं. हे दोघांनाही ठाऊक होतं.

मार्चमध्ये फोन आला. रेवणसिद्ध माझ्या अगदी जवळ उभे होते. त्यांचा हात माझ्या सीटवर होता.

"दाजी, शनिवारी मोठी मैफल हाय. धारवाडकडचे गायक येणार हायत. सहाला निघायचं का?"

रेवणसिद्धांनी माझ्या सीटवरची धूळ बोटाने पुसली. मग म्हणाले, "अरे, गाडी बंद हाय रे. क्लच गेलाय. प्लेटा मिळेनात. जुनी गाडी, पार्ट येत न्हाईत आता."

मित्रांनो, माझा क्लच ठणठणीत होता! त्याच सकाळी त्यांनी माझ्यावरून भाजी आणली होती.

एकदा सांगितलेलं खोटं सांभाळावं लागतं. नागप्पाला मी रस्त्यात दिसले तर? म्हणून त्यांनी मला बाहेर काढणंच बंद केलं. माझ्यावर जुनी ताडपत्री टाकली आणि मला भिंतीकडे सरकवलं. एप्रिल गेला. सोलापूरचं ऊन ताडपत्रीतूनही लागत होतं. माझ्या टाकीतलं पेट्रोल उडत गेलं आणि उरलेलं चिकट झालं. टायर एका जागी दबले. पावसाळ्यात माझ्या ब्रेकच्या तारेला गंज चढला. डिकीत खारीने कापूस आणून घर केलं. दर पंधरा दिवसांनी फोन यायचा आणि दर वेळी मी ऐकायचे, "न्हाई रे, अजून बंदच हाय."

हळूहळू मी खरोखरच बंद पडले. खोट्याला खरं व्हायला सात महिने पुरले.

ऑक्टोबरमध्ये एका सकाळी फाटकासमोर रिक्षा थांबली. नागप्पा उतरला. त्याच्यासोबत अक्कलकोट रस्त्यावरचा रुद्रप्पा मिस्त्री होता, हातात पान्यांची पिशवी घेऊन. नागप्पाच्या काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुडकं होतं. त्याचा चेहरा फुलला होता.

"दाजी, प्लेटा मिळाल्या!"

रेवणसिद्ध पायरीवरून उठले. "कुटं मिळाल्या?"

"पुण्याला. जुन्या बाजारात. काल एसटीनं गेलतो. येताना जागा न्हाई मिळाली, टेंभुर्णीपर्यंत उभाच होतो. पण मिळाल्या की! रुद्रप्पा, उघड बघू."

रेवणसिद्ध म्हणाले, "असू दे नागप्पा, आज नको." पण रुद्रप्पाने तोवर ताडपत्री ओढली होती. त्याने खारीचा कापूस बाहेर काढून ठेवला, मागचं चाक काढलं आणि क्लच उघडला. तो बराच वेळ आत बघत राहिला. मग त्याने मान वर केली.

"काका, क्लच तर चांगला हाय. नव्यासारखा हाय. हा खराब झाला असं कुणी सांगितलं?"

रुद्रप्पाने कार्बोरेटर काढून पाहिला. "हे बघा, पेट्रोल सुकून थर बसलाय. नुसती उभी राहून बंद पडली गाडी. रोज चालवली असती तर काही झालं नसतं."

नागप्पाने एकदा पुडक्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे आणि मग रेवणसिद्धांकडे.

"दाजी, गाडी बंद नव्हती?"

रेवणसिद्धांनी मान खाली घातली. "नव्हती."

"यायचं न्हाई म्हणायचं की. मी काय ओढून नेणार होतो?" नागप्पाचा आवाज चढला नाही. त्याने पुडकं पायरीवर ठेवलं आणि कुबडी टेकत तो फाटकाबाहेर गेला. मल्लव्वा "नागू, चहा तरी घे" म्हणत मागे गेल्या, पण रिक्षा निघाली होती.

त्या परत आल्या आणि नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या. "नको म्हणायला लाज वाटली तुमाला. खोटं बोलायला न्हाई वाटली. आणि आळ घातला कुणावर, तर मुक्या गाडीवर!"

मला त्या क्षणी मल्लव्वांचा फार आधार वाटला.

रुद्रप्पाने दुपारपर्यंत बसून माझा कार्बोरेटर धुतला, तार बदलली, हवा भरली. सहाव्या किकला मी सुरू झाले. खूप धूर सोडला, खोकले, पण सुरू झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेवणसिद्ध मला घेऊन बाळीवेशीत गेले. नागप्पा दुकानात डोळ्याला भिंग लावून बसला होता. त्याने वर पाहिलं नाही.

"नागप्पा, चुकलं माझं," रेवणसिद्ध दारातूनच म्हणाले. "मला आता घरी बरं वाटतं. गाणं नकोसं झालं न्हाई, बाहेर जाणं नकोसं झालंय. तुला काय वाटंल म्हणून बोललो न्हाई."

नागप्पाने भिंग काढलं. "वाईट वाटलं असतं. पण तुमचं पटलं असतं. वय झालं की माणूस घर धरतं." त्याने भिंग टेबलावर ठेवलं. "पण दाजी, मग मी कसं जाऊ, तेवढं सांगा."

रेवणसिद्ध तसेच निघाले. वाटेत त्यांनी ताल धरला नाही. पण घरी न वळता ते थेट अक्कलकोट रस्त्याला रुद्रप्पाकडे गेले.

"डाव्या पायात जोर नसलेल्या माणसाला ही गाडी चालवता येईल असं करता येतं का?" त्यांनी विचारलं.

"येतं की. मागं दोन्ही बाजूंना दोन चाकं लावायची. गाडी पडत न्हाई. ब्रेक उजव्या पायाला हायच. परवाना मात्र तसा काढावा लागंल."

आठ दिवसांनी मला चार चाकं झाली. आरशात मी स्वतःला ओळखलं नाही. नागप्पाने तर हातच जोडले. "साठीला आलोय दाजी! आता शिकू?"

"मी पुढं बसून सत्तावीस वर्षं चालवली. आता मागं बसून शिकवतो."

मग रोज पहाटे होटगी रस्त्याच्या एका पटांगणावर आमची शाळा भरू लागली. पहिल्या दिवशी नागप्पाने मला सरळ लिंबाच्या झाडावर नेलं. मडगार्डला पोचा आला, तो अजून आहे. दुसऱ्या दिवशी गिअर टाकताना मी बेडकासारखी उडी मारली. मागून रेवणसिद्ध ओरडत, "क्लच हळू सोड! हळू! तंबोऱ्याची खुंटी पिळतोयस असं समज!" घड्याळं जुळवणारा हात होता तो. पंधरा दिवसांत त्याला माझी नस सापडली. दोन महिन्यांनी त्याला परवानाही मिळाला. त्या दिवशी त्याने एकट्याने सात रस्ता चौकापर्यंत फेरी मारली आणि परत आल्यावर माझ्या सीटवर हात ठेवून उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदाच तो स्वतः गाडी चालवत कुठेतरी जाऊन आला होता.

आता मी बाळीवेशीत राहते. मैफल असली की नागप्पा आणि मी दोघंच जातो. तो बाहेरगावी जात नाही. शहरातलं मात्र काही सोडत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही रेवणसिद्धांच्या अंगणात जातो. मल्लव्वा चहा ठेवतात. नागप्पा काल काय काय झालं ते सगळं सांगतो, बेसूर का होईना, गाऊन दाखवतो. रेवणसिद्ध पायरीवर डोळे मिटून ऐकतात. मध्येच म्हणतात, "थांब, ती जागा परत घे." नागप्पा परत घेतो.

मित्रांनो, एक मागणं आहे. तुमच्या घरात एखादी जुनी सायकल, शिलाई यंत्र, पंखा, काहीतरी कोपऱ्यात उभं असेल. त्याला आठवड्यातून एकदा तरी हात लावा, चालवून बघा. आम्ही वापराने झिजतो हे खरं, पण नुसतं उभं राहून त्याहून लवकर मरतो. आणि कुठे जावंसं वाटत नसेल तर खुशाल घरी बसा. तेवढं तोंडाने सांगा मात्र. आमच्या नावावर खपवू नका. आम्हाला "मी चालू आहे" असं ओरडून सांगता येत नाही.