‘ह’पर्यंतचं अक्षर

मी एक फॉन्ट बोलतोय. फ्लेक्सवर, दुकानाच्या पाटीवर ब्रशनं घाईघाईत लिहिल्यासारखं अक्षर दिसतं ना, तोच मी. ही घाई माझी नाही, डोमाजी पेंटरची. दिग्रसच्या निम्म्या पाट्या त्यांनीच रंगवलेल्या.

शेवटच्या आजारपणात त्यांच्या लेकीनं, मोनालीनं, त्यांच्यापुढे कोरे कागद ठेवले. "मले सारी अक्षरं पाहिजेत, बाबा. जमन तसे काढा." खाटेवर बसून ते रोज थोडी अक्षरं काढायचे. ‘अ’पासून ‘ह’पर्यंत आले आणि गेले. पुढचे ‘ळ’, ‘क्ष’, ‘ज्ञ’ मोनालीनं स्वतः काढले, कॉम्प्युटरवर त्या साऱ्यांचा फॉन्ट, म्हणजे मला, बनवलं आणि इंटरनेटवर फुकट सोडून दिलं. बाबांचं अक्षर जगावं, एवढीच तिची इच्छा.

मी गावभर झालो. मेलेल्या माणसाच्या हातानं पुढाऱ्यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायच्या! मला ते कधीच सोसलं नाही.

डोमाजींची बायको नलूबाई. तिला वाचता येत नाही, पण नवऱ्याचा हात ती लांबून ओळखते. मी दिसलो की थांबते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारते, "काय म्हनून राह्यले हे?"

परवा बसस्टँडवरच्या एका फ्लेक्सपुढे तिनं असंच विचारलं, तर पानठेल्यावाल्या बबलूनं थट्टा केली. "काकू, लिहेल हाय, ‘नलू, मी संध्याकायी घरी येतो.’"

त्या संध्याकाळी तिनं दोन ताटं वाढली. मोनाली कामावरून आली, ताटं पाहून दचकली. सगळं ऐकून ती आईला घेऊन थेट बसस्टँडवर गेली.

"खरं सांग, काय लिहेल हाय?" नलूबाई म्हणाली. "यातलं हे एक अक्षर तुया बापाचं नाही. हे पाह्यलं तवापासून मले शंका येऊन राह्यली." तिचं बोट ‘ळ’वर होतं.

मोनालीनं हळू आवाजात वाचलं, "सोयाबीनचे बियाणे मिळेल."

घरी येऊन नलूबाईनं दुसरं ताट झाकून ठेवलं. मग म्हणाली, "पुसून टाक हे अक्षर. थकला असन मानूस. अजून किती बोलाले लावता?"

मोनालीनं रडत रडत मला पुसलं. पण तिच्याच कॉम्प्युटरमधून. दिग्रस, दारव्हा, पुसद, सगळ्या फ्लेक्सवाल्यांकडे मी अजून आहे. मला मरता येत नाही, आणि याची मला भीती वाटते.

म्हणून एकच विनवणी. माझ्यासमोर एखादी बाई थांबली आणि काय लिहिलंय असं तिनं विचारलं, तर जे आहे तेच सांगा. बियाणं असेल तर बियाणं सांगा. ती कुणासाठी तरी जेवायची थांबलेली असते.