सांबशिवच्या पेटीत कोण गातं?

समोर गिटार नव्हती, नागस्वरवालाही नव्हता. चौरंगावर फक्त एक जुना गिटार ॲम्प्लिफायर होता, त्याला जाईचा हार घातलेला होता, आणि त्याच्यातून खुशाल सनईसारखं नागस्वर वाजत होतं. १९९५ सालच्या त्या शुक्रवारी संध्याकाळी तंजावूरच्या दक्षिण वीथीतल्या कल्याणमंडपात दोनशे माणसं हात जोडून बसली होती. पापनाशमहून तर एक अख्खी बस भरून आली होती.

"सांबशिव आले," नादस्वामी डोळे मिटून म्हणाले. "ज्या पेटीला हात लावला, तिच्यातच त्यांचा जीव अडकलाय. नादातून जन्म, नादात मुक्काम, नादातूनच मुक्ती."

पाठीमागे बसलेल्या पापनाशमच्या एका आजीबाईंनी डोळ्यांना पदर लावला. तिसऱ्या रांगेत बसलेल्या मुरलीकृष्णनं घड्याळ पाहिलं. सहा वाजून अठरा मिनिटं.

मुरलीकृष्ण कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचा आणि उरलेल्या वेळात सांबशिवच्या पेट्या गोळा करायचा. सांबशिव म्हणजे याच वीथीतला कारागीर. बंदरात भंगारात आलेले परदेशी ॲम्प्लिफायर तो उचलून आणी, त्यांची आतडी बाहेर काढी आणि इथल्या उन्हाला नि इथल्या लहरी विजेला पुरून उरतील असे नव्यानं जोडी. मद्रासपर्यंतच्या वाद्यवृंदांतले गिटारवाले त्याच्या दारात नंबर लावून बसत. नंतर बाजार खुला झाला, चकचकीत जपानी माल आला, आणि सांबशिवच्या पेट्या अडगळीत गेल्या. सांबशिवही वारला, आणि मग अचानक मद्रास-बंगळूरचे शौकीन त्याच्या पेट्या शोधत फिरू लागले. मुरलीकृष्णकडे चार होत्या. त्याची बायको हरिणी म्हणायची, "पाचवी आली तर पलंग बाहेर काढावा लागेल."

सांबशिवच्या घरी अजून नऊ होत्या, आणि त्याची बायको भागीरथी त्या उद्या स्वामींना देऊन टाकणार होती.

"वहिनी, कशाला?" मुरलीकृष्णनं सकाळी तिच्या ओसरीवर बसून विचारलं होतं.

"ते अडकलेत म्हणतात स्वामी. नऊ पेट्यांचा होम केला की सुटतील." तिनं कॉफीचा पेला त्याच्यापुढे सरकवला. "तुला त्या पेट्या पाहिजेत, ठाऊक आहे मला. म्हणून तुझं ऐकताना भीती वाटते."

ते खरं होतं. त्या नऊ पेट्या त्याच्या स्वप्नात येत.

हे नादस्वामी वर्षभरापूर्वीपर्यंत राजगोपाल या नावानं एका वाद्यवृंदाचे व्यवस्थापक होते. जपानी कीबोर्ड आल्यावर दहा वादकांचं काम एकटा माणूस करू लागला, वृंद बुडाला, सांबशिवची एक पेटी तेवढी हाती उरली, आणि राजगोपालनं दाढी वाढवली. पेट्यांना मद्रासेत काय भाव आहे हे त्यांना चांगलं माहीत होतं. होमानंतर त्या कुठल्या स्वर्गात पोचणार होत्या, याचा मुरलीकृष्णला अंदाज होता.

त्यानं मागचे दोन शुक्रवार नुसतं पाहिलं होतं. पेटीच्या पुढच्या भोकातून एक तार निघे. तिला हळदीचा दोरा नि फुलं गुंडाळलेली असत, आणि ती खिडकीतून गच्चीवरच्या पितळी त्रिशूळापर्यंत जाई. "आत्म्याला उतरायला वाट नको का?" स्वामी विचारत. दर्शन बरोबर सव्वासहाला सुरू होई आणि साडेसहाला एक मिनिट कमी असताना स्वामी हात पुढे करून आवाजाचं बटण पिळत. आत्मे एवढे वक्तशीर असतात हे मुरलीकृष्णला नवीन होतं. दुसऱ्या शुक्रवारी घरी जाऊन त्यानं माळ्यावरचा धुळकट रेडिओ खाली काढला. केबल आल्यापासून त्याला गावात कुणी विचारत नव्हतं.

आज सहा वाजून पंचवीस मिनिटांनी तो उठला, चौरंगापुढे गेला आणि पेटीला साष्टांग नमस्कार घातला. उठताना त्यानं भक्तिभावानं पेटी कुरवाळली. या जातीच्या पेट्यांचं आवाजाचं बटण नुसतं दाबून बसवलेलं असतं, ओढलं की हातात येतं. ते खिशात टाकून तो भागीरथीशेजारी येऊन बसला.

"तुझी श्रद्धा बसली?" तिनं हळूच विचारलं.

"पाच मिनिटं थांबा, वहिनी. सांबशिवदादा आज बोलणार आहेत."

साडेसहा व्हायला आले. स्वामींचा हात पुढे गेला आणि चाचपडू लागला. बटणाच्या जागी बारीक दांडी होती, बोटांना आरतीचं तूप होतं, आणि दांडी काही फिरेना. नागस्वर थांबलं. पेटी खाकरली. मग एका गोड बाईच्या आवाजात, स्वच्छ तमिळमध्ये, ती म्हणाली की हे आकाशवाणीचं तिरुची केंद्र आहे आणि आता शेतकऱ्यांसाठी भातावरच्या तुडतुड्यांविषयी माहिती ऐका.

लोक एकमेकांकडे पाहू लागले.

"सांबशिवचा आवाज इतका नाजूक नव्हता," पापनाशमच्या बसमधला कुणीतरी म्हणाला.

स्वामींनी धावत जाऊन भिंतीतला प्लग उपटला. पण व्हॉल्व्हची, म्हणजे जुन्या काचेच्या नळ्यांची पेटी लगेच मरत नाही, आत साठलेली वीज तिला काही क्षण पुरते. त्या क्षणांत आत्म्यानं शेतातलं पाणी काढून टाकायला सांगितलं आणि मगच तो विझला. आधी एक बाई हसली, मग दोनशे माणसं.

मुरलीकृष्णनं बटण परत बसवलं, पेटीची मागची फळी उघडली आणि सगळ्यांना जवळ बोलावलं. "ही फुलांची तार म्हणजे एरियल. ती रेडिओच्या लहरी पकडते, पहिला व्हॉल्व्ह त्यातला आवाज वेगळा काढतो, आणि पेटी तो मोठा करते. सव्वासहा ते साडेसहा तिरुची केंद्रावर नागस्वर असतं. यात आत्मा नाही, स्वामींचं घड्याळ आहे."

"मग सगळ्याच पेट्या अशा गातात का?" भागीरथीनं विचारलं.

त्यानं बाहेर रिक्षात ठेवलेली स्वतःची पेटी आत आणली, तीच तार तिला लावली आणि प्लग खोचला. लोकांनी कान पुढे केले. काहीच वाजलं नाही. त्यानं तिचीही फळी उघडली. पहिल्या व्हॉल्व्हपाशी दोन चिमुकले भाग झाळून बसवले होते, आणि स्वामींच्या पेटीत त्याच जागी कापलेल्या तारांची टोकं होती.

भागीरथीनं चष्मा पुसून दोन्हीकडे निरखून पाहिलं. "हे तर मला माहीत आहे," ती सावकाश म्हणाली. "रेडिओ घुसतो म्हणून एका गिटारवाल्यानं पेटी परत आणली होती. तो घुसू नये म्हणून हे तीन दिवस जेवायला उठले नव्हते." तिनं राजगोपालकडे वळून पाहिलं. "म्हणजे त्यांचं काम कापून काढलंत, आणि जे उरलं त्याला त्यांचा आत्मा म्हणालात."

पितळी त्रिशूळ गच्चीवरच सोडून राजगोपाल मागच्या दारानं गेले.

होम झाला नाही. रविवारी भागीरथीनं मुरलीकृष्णला बोलावलं आणि नऊ पेट्यांची खोली उघडली. त्यानं एकेका पेटीवरून हात फिरवला आणि छातीवर दगड ठेवून म्हणाला, "मला एकही नको, वहिनी. माझी कॉलेजातली मुलं दर शनिवारी येतील, उघडून बघतील, शिकतील. चालेल?"

"चालेल," ती म्हणाली. "पण उघडलेलं परत बंद करायला लाव त्यांना."

पहिल्या शनिवारी पापनाशमच्या त्या आजीबाईही नातीला घेऊन आल्या. त्या थोड्या खट्टू होत्या. "नागस्वर मात्र छान वाजायचं हो," त्या म्हणाल्या.

"मग घरचा रेडिओ खाली काढा, आजी, रोज ऐका. त्याला हार लागत नाही," मुरलीकृष्ण म्हणाला. "आणि पुन्हा कुणी असं काही दाखवलं, तर हात जोडण्याआधी एवढंच म्हणा, की जरा मागची फळी उघडून दाखवा. ज्याच्या आत खोट नाही, तो उघडून दाखवतो."