आपलं म्हणजे कुणाचं

आमच्या राजवाड्यात 'माझं' हा शब्द शिवीसारखा होता. एखाद्या पोरानं तो चुकून उच्चारला तरी मोठं माणूस पटकन त्याच्या तोंडावर हात ठेवायचं. थोरले राजे, म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान, स्वतःच्या जोड्यांनासुद्धा 'आपले जोडे' म्हणायचे. "आपले जोडे कुठे गेले?" असं त्यांनी विचारलं, की नवखा नोकर बिचारा स्वतःच्याच पायांकडे बघायचा.

याला कारण होतं. आमच्या गादीवर जो बसतो त्याच्या जिभेला ती ताकद येते. त्यानं एखाद्या गोष्टीवर हात ठेवून 'माझं' म्हटलं, की ती त्याची होते. नुसती मालकीची नव्हे, स्वतःच्या हातापायासारखी. त्याला ताप आला की तिलाही ताप. माणसावर हात ठेवला तर माणसाचंही तेच, आणि वर त्या माणसाला राजाशी खोटं बोलता येत नाही, राजाचा हुकूम मोडता येत नाही. थोरल्या राजांनी तरुणपणी एकदाच, एका घोड्याच्या मानेवरून हात फिरवताना, प्रेमाच्या भरात 'माझा' म्हटलं होतं. पुढे ते वारले त्याच घटकेला तबेल्यात तो घोडा कोसळला. चांगला धडधाकट होता, तोंडातला चारासुद्धा गिळून झाला नव्हता.

माझी बहीण त्याआधीच गेली होती. त्यांच्या मुलाला मीच वाढवलं. तो गादीवर बसला तेव्हा त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं. बाहेर त्याला महाराज म्हणत, मी मनात लाडोबा म्हणायची, आणि अजूनही तेच म्हणते.

पहिल्याच दरबारात मंत्री कमरेत वाकून म्हणाले, "महाराज, हे सगळं आपलंच आहे." आता 'आपलं' म्हणजे 'तुमचं', की 'आपल्या सगळ्यांचं'? मंत्री लोक दोन्ही अर्थ खिशात ठेवूनच बोलतात. थोरले राजे हे वाक्य ऐकलं की मान डोलावून म्हणायचे, "हो, आपल्या सगळ्यांचं." लाडोबानं मात्र डोळे मिचकावले आणि विचारलं, "म्हणजे माझंच ना?" कुणी नाही म्हणालं नाही. त्यानं सिंहासनाच्या हातावर थाप मारली आणि ओरडला, "माझं!"

दुसऱ्या दिवशी त्याला पडसं झालं, आणि सिंहासनाच्या कोरीव हातांतून शेंबूड गळायला लागला. खोटं सांगत नाही, मीच पुसला. मंत्री बाजूला उभे राहून म्हणत होते, "वा! काय एकरूपता!" त्या शेंबडापेक्षा मला त्या 'वा'ची जास्त शिसारी आली.

मग काय, माकडाच्या हाती कोलीत. पलंग माझा, आरसा माझा, जिना माझा. उन्हाळ्यात त्या जिन्याचा कठडा घामानं निसरडा व्हायचा. पायऱ्यांवरून चालताना एखाद्याच्या पाठीवर पाय देतोय असं वाटायचं. मी भिंतीच्या कडेकडेनं, कशालाही न शिवता चालायला शिकले.

वस्तूंनंतर माणसांची पाळी आली. पहिला न्हावी. त्याची आई आजारी होती आणि त्याला गावी जायचं होतं. "हा गेला तर माझी दाढी कोण करणार?" लाडोबा म्हणाला. दाढीचा पत्ता नव्हता, तरी! त्यानं न्हाव्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "हा माझा." न्हाव्यानं गावाचं नाव पुन्हा काढलं नाही. पुढे लाडोबाच्या पाठीला गळू झालं तेव्हा न्हाव्याच्या पाठीलाही नेमक्या त्याच जागी झालं, आणि त्याची आई त्याची वाट बघत गेली.

एकटं पडायची भीती होती पोराला, हे मला कळत होतं. आई गेली, बाप गेला. पण भीती वाटते म्हणून माणसं खिळ्यानं ठोकून ठेवायची असतात का?

आणि दरबारी मंडळी! ती तर रांगा लावून डोकी पुढे करू लागली. राजाचं माणूस झालं की मान मिळतो, आणि राजा मद्य प्यायला की घरबसल्या फुकटची नशा चढते. संध्याकाळी लाडोबा प्याला उचलायचा आणि अख्खा दरबार डुलायचा. नंतर त्याला उलटी झाली की साऱ्यांनाच. राजा बोले, दळ हाले, असं म्हणतात. आमच्याकडे राजा ओके, दळ ओके. फरशा धुऊन घ्यायचं काम माझ्याकडे. तो वास माझ्या केसांतून जायचा नाही.

मग एके सकाळी तो शहराच्या मोठ्या विहिरीच्या पायऱ्या उतरला आणि पाण्यात हात घालून म्हणाला, "माझी." त्या दिवसापासून पाणी कोमट झालं, आणि झोपून उठल्यावर तोंडाला जी चव असते ती त्याला आली. लाडोबाच्या तोंडाची. लोकांनी ते उकळलं, गाळलं, नाक दाबून प्यायलं. शेवटी ज्यांना जमलं ते बोऱ्याबिस्तरा गुंडाळून नदीपलीकडे गेले. तिथे थोरल्या राजांचा धाकटा भाऊ, लाडोबाचा चुलता, राहत होता.

हे लाडोबाला तोंडावर सांगितलं ते एकाच माणसानं. सेनापतींनी. सेनापती म्हणजे आमचे हे.

"महाराज," हे म्हणाले, "विहिरीचं काहीतरी करा. लोक थुंकतायत."

लाडोबाच्या डोळ्यांत पाणी आलं. "काका, म्हणजे तुम्हीसुद्धा जाणार?"

"मी कुठे जातोय? मी फक्त—"

तेवढ्यात पोरानं यांना मिठी मारली. "तुम्ही माझे," तो यांच्या खांद्यात तोंड खुपसून म्हणाला. मी दारात उभी होते. यांचे ताठ खांदे माझ्या डोळ्यांदेखत लाडोबासारखे उतरले.

त्या दिवशी घरी हे जेवलेच नाहीत. भूक नव्हती. तिकडे लाडोबा जेवला होता, आणि इकडे आमचे हे रिकाम्या पानासमोर बसून ढेकर देत होते. खाई त्याला खवखवे, ही म्हणसुद्धा आमच्या घरात खोटी पडली. खायचा तो, आणि खवखव यांना. लाडोबाला जे आठवून हसू यायचं ते हसू यांच्या ओठांवर उमटायचं. विचारलं तर म्हणायचे, "कोण जाणे गं, आलं."

एकदा बोलता बोलता यांनी माझा हात हातात घेतला. तळवा मऊ होता, ओलसर होता. तलवार धरून घट्टे पडलेला यांचा हात मला पाठ होता, हा तो नव्हता. मी हात सोडवला, न्हाणीघरात गेले आणि साबण लावून धुतला. नवऱ्याचा हात लागला म्हणून बाईनं हात धुवायचा! मला रडू आलं आणि संतापही आला. काहीही करून मला माझा माणूस परत हवा होता.

मी लाडोबाकडे गेले. तो पाण्याच्या तसराळ्यात पाय सोडून फळं खात बसला होता.

"तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही," मी म्हणाले. "काकांना सोड."

"कसं सोडायचं ते मला माहीत नाही. आणि माहीत असतं तरी सोडलं नसतं. माणसं जातात गं, मावशी."

"मग माझ्यावर का नाही ठेवलास हात?"

त्याला खरोखरच हसू आलं. "तुझ्यावर कशाला? तू कुठे जाणार आहेस?" असं म्हणून त्यानं चघळलेली बी तोंडातून काढून माझ्यापुढे धरली. लहानपणापासूनची सवय. मीही सवयीनं तळहात पुढे केला. ती चिकट बी मुठीत घेऊन मी तिथून निघाले आणि सरळ नदी ओलांडली.

चुलत्याकडे माणसं होती, शस्त्रं होती. अडचण वेशीची होती. तिथले पहारेकरी सगळे लाडोबाचे; त्याच्या हुकुमाशिवाय हत्यारबंद माणसांना दार उघडणार नाहीत. मी म्हणाले, "हुकूम मी मिळवून देते. पण त्याला मारायचं नाही. घोड्याचं काय झालं ते आठवतंय ना? त्याला फक्त गादीवरून उतरवा."

"उतरला की पकड सुटेल?"

"सुटायला हवी," मी म्हणाले.

"सुटेलच," चुलता म्हणाला. त्याला काय जात होतं म्हणायला!

ठरल्या दिवशी लोक वेशीशी जमले. मी यांना तटावर घेऊन गेले. "अहो, नीट बघा. ही माणसं परकी आहेत का?"

हे बराच वेळ बघत राहिले. खाली आमचा जुना शेजारी होता, यांच्या हाताखाली शिकलेले शिपाई होते, पुढे चुलता होता. "परकी कशी? आपलीच आहेत," हे म्हणाले.

"मग महाराजांना तेवढंच सांगा."

हे माझ्याकडे वळले. "मला खोटं बोलता येत नाही, माहितेय ना तुला? पुढे काही विचारलं तर सगळं सांगावं लागेल."

"खोटं बोलूच नका. तो विचारणार नाही. कुणी 'आपलं' म्हटलं की त्याला 'माझं' ऐकू येतं."

भर दुपार होती. लाडोबा जेवून सिंहासनावर रेलला होता, आणि त्याच्या सुस्तीनं सगळा दरबार जांभया देत होता. मी पंख्यानं वारा घालत होते. हे आत आले.

"महाराज, वेशीशी माणसं आली आहेत. पुष्कळ आहेत."

"कुणाची?"

यांच्या कपाळावर घाम फुटला. तो यांचा स्वतःचा होता, कारण लाडोबाचं कपाळ कोरडं होतं. माझा पंखा थांबला.

"आपली," हे म्हणाले.

"मग उन्हात कशाला उभी केलीत?" लाडोबानं जांभई दिली. "उघडा दार."

चुलता दरबारात शिरला तेव्हा कुठे त्याची झोप उडाली. "उठा! माझी माणसं ना तुम्ही? मारा यांना!" तो किंचाळला. माणसं उठली, हुकूमच होता. पण भीतीनं लाडोबाच्या हातापायांना कापरं भरलं होतं, म्हणून सगळ्यांच्याच भरलं. तलवारी खणाखण फरशीवर पडल्या. मग लाडोबाचा धीर पुरता सुटला, आणि इतक्या सगळ्या मोठमोठ्या मानकऱ्यांच्या पायांशी एकदमच मुताची थारोळी साचली. त्यात आमचे हेही होते. मी तोंड फिरवलं.

चुलत्यानं त्याला दंडाला धरून खाली ओढलं आणि मुकुट काढून घेतला. लाडोबा ओरडला, "काका, मारा त्याला!" हे जागेवरून हलले नाहीत. यांनी हळूच मान वर केली, स्वतःच्या हातांकडे पाहिलं आणि माझ्याकडे बघून हसले. यांचं हसू होतं ते! हुकूम सुटला होता. माझा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात चुलत्याचा राग अनावर झाला. विहिरीचं पाणी पिऊन त्याची शहरात राहणारी नात दगावली होती, हे मला मागाहून कळलं. त्यानं तलवार उचलली आणि तिचं टोक लाडोबाच्या दंडाला लागलं. इकडे यांच्या दंडातून रक्ताची धार लागली. न्हाव्याच्याही. मंत्र्यांच्याही.

पुढचं पातं त्याच्या गळ्यावर येणार, तेवढ्यात मी त्या ओल्या, थरथरत्या पोरावर जाऊन पडले. "मारू नका!" मी ओरडत होते. वेस उघडवणारी मी, आणि त्याला पोटाशी धरून बसलेलीही मीच. चुलता थबकला. मागे मंत्री एका हातानं रक्ताळलेला दंड दाबत नव्या राजापुढे वाकले होते. "महाराज, हे सगळं आपलंच आहे."

आता राजवाड्यामागच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं राहतो. लाडोबाला वेळेवर जेवायला घालते, मद्याचा थेंब देत नाही, रोज चालायला नेते. पायऱ्या उतरताना हात धरते. तो पडला तर किती जणांची हाडं मोडतील! वैद्य म्हणतात, प्रकृती उत्तम आहे, खूप जगेल. ऐकून मला हायसं वाटतं, आणि मग त्या हायसं वाटण्याचीच किळस येते.

"सगळे उलटले, मावशी," तो माझ्या बाहीला नाक पुसत म्हणतो. "तू तेवढी जिवाला जीव दिलास." मी त्याच्यापुढे पुढचा घास धरते. त्याला खरं सांगितलं तर तो जेवण सोडेल, आणि शेजारच्या खोलीत आमचे हे वाळत जातील.

कालपासून दोघांनाही खोकला आहे. हे पलीकडून म्हणाले, "अगं, जरा माझ्यापाशी येऊन बस." मी औषध घेऊन उठले आणि लाडोबाला पाजलं. यांना पाजून काही उपयोग नसतो.