मरव्यावरचे पाहुणे

हिवतापातून उठलेल्या सिंधूला जग अजून पाण्याखालून बघितल्यासारखं दिसे. तापाच्या भरात तिनं भिंतीवर मोर नाचताना पाहिले होते, गेलेल्या आईशी गप्पा मारल्या होत्या. म्हणून अमरावतीच्या घरामागं, मरव्याच्या पानावर जांभळ्या-हिरव्या पट्ट्यांचा किडा चमकताना दिसला, तेव्हा ती कुणाला काही बोलली नाही. ऊन सरकलं की त्याच्या पाठीवर तांबूस झाक फिरे. ती दुपारभर त्या इवल्याशा दागिन्याकडे बघत बसे.

हळूहळू दागिने वाढले. पुदिन्यावर आले, सब्जावर आले. पानांची चाळण झाली. नवरा, कमलाकांत मास्तर, विचारी, "काय बघतेस एवढं?"

"काही नाही," ती म्हणे. पुन्हा वैद्य नको, पुन्हा काढे नकोत.

एका सकाळी शेजारच्या मळ्यातली गंगूबाई कुंपणाशी आली. गजऱ्यांसाठी ती मरवा लावी. तिच्या हातात कुरतडलेली डहाळी होती.

"मास्तरीणबाई, हा किडा तुमच्याकडं बी हाये काय? उभ्या जन्मात असा पाह्यला नाई म्या."

सिंधूनं डहाळी हातात घेतली. "गंगूबाई, तुम्हालाही दिसतो?"

"दिसते म्हंजे? अर्धा वाफा खाल्ला माहा! असं काहून पुसता?"

सिंधू हसू लागली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं. भास नव्हता तो!

पण इथं कुणी न पाहिलेला किडा आला कुठून? मग तिला कोपऱ्यातली कुंडी आठवली. कॅम्पातली मडम विलायतेला परत जाताना मास्तरांना देऊन गेली होती. जहाजातून आलेलं, कापरासारख्या वासाचं झुडूप. सिंधूनं त्याच्या फांद्या बाजूला केल्या. पानांमागं राखाडी अळ्या चिकटलेल्या, अन् त्यांच्यामध्ये तेच चमकते किडे, गाढ झोपल्यासारखे.

"मारावेच लागतील?" तिनं विचारलं.

"नाई तं काय पोसता?" गंगूबाई कुंपणातून आत येत म्हणाली.

झुडूप जाळलं. उरलेले किडे दोघींनी फडक्यावर झटकून घासलेटात टाकले. बुडतानाही ते चमकत होते. सिंधूनं तोंड फिरवलं, पण हात थांबवला नाही.

"आता माह्या वाफ्यात चला," गंगूबाई म्हणाली.

आजारपणानंतर सिंधू पहिल्यांदाच कुंपणाबाहेर पडली. ओल्या मातीत पाय रुतले. दुपारी बांधावर गंगूबाईनं भाकरीवर ठेचा वाढला. पहिल्याच घासाला सिंधूच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तिखट हाये?"

"हो," सिंधू म्हणाली, "अजून वाढा."