सिगारेटीएवढा एकल

डेट्रॉइटच्या जॅझ क्लबात बेसचा, म्हणजे त्या माणसाएवढ्या उंच, खर्जातल्या तंतुवाद्याचा, एकल सुरू झाला, बाकीची वाद्यं थांबून तो एकटाच वाजू लागला, की माणसं मोकळी होतात. कोणी लघवीला जातं, कोणी तळलेल्या माशाची दुसरी थाळी मागवतं, नवराबायको सकाळचं उरलेलं भांडण पुढे चालवतात. बरोबरचे वादकही मंचावरून उतरून मागच्या गल्लीत सिगारेट ओढायला जातात. यात अपमान नाही, रीत आहे. सिगारेट संपली की ते परततात, पियानो सुरू होतो आणि बेसवाला पुन्हा कोणाला दिसेनासा होतो.

एल्वुड टार्पलीने अशा सिगारेटींवर उभी हयात काढली होती.

पण त्या रविवारी दुपारी त्याचा जीव टांगणीला लागला होता. डाव्या हाताची दोन बोटं बधिर होत चालली होती. हे त्याच्या बायकोला, व्हर्नाला, माहीत होतं. पियानोवाल्या क्लीओफसला नव्हतं. आणि न्यूयॉर्कहून रेकॉर्ड कंपनीचा लिंडेल नावाचा माणूस बेस, पियानो आणि ड्रम अशा त्यांच्या त्रिकुटाला ऐकायला आला होता. बोटं चालताहेत तोवर एक तरी रेकॉर्ड निघावी, एवढंच एल्वुडचं मागणं. नाहीतर मेहुण्याने मोटारीच्या कारखान्यात जागा धरून ठेवलीच होती. दारं बसवायची. फक्त डावीकडची.

"आज तरी हस थोडा," चर्चमधून टोपीसकट थेट आलेली व्हर्ना म्हणाली. "मयताला आल्यासारखा उभा राहतोस."

"बेसवाले असेच उभे राहतात."

"म्हणून तर त्यांना कोणी बोलवत नाही. मयतालासुद्धा."

दुसऱ्याच गाण्यात क्लीओफसने मान हलवून एकल त्याच्याकडे सोपवला आणि ड्रमवाल्या डेल्बर्टला घेऊन मागच्या दाराने गेला. पाठोपाठ लिंडेलही उठला. एल्वुडला वाटलं, लघवीला. माणूस कितीही मोठा असला तरी चुकत नाही.

तो वाजवत राहिला. बोटांना तार कळत नव्हती, म्हणून डोळ्यांनी बघून बोटं ठेवत होता. येत होतं ते सगळं वाजवून झालं. मग येत नव्हतं ते काढलं. एक सिगारेट संपेल एवढा वेळ गेला, मग एक चिरूट संपेल एवढा.

वेट्रेस ओडेसा रिकामा ट्रे घेऊन मंचाशी आली. "एल्वुड, थांबू नकोस, नुसतं ऐक. क्लीओफस आणि डेल्बर्ट त्या रेकॉर्डवाल्याच्या गाडीत बसून गेले."

"सिगारेटी आणायला?"

"न्यूयॉर्कला. तिकडे त्यांच्याकडे बेसवाला आहे म्हणे. क्लीओफस म्हणाला, राग मानू नकोस."

"त्याचा कोट राहिलाय इथे."

"तो तू पाठवायचास."

एल्वुड थांबला नाही. थांबलं की संपलं. थांबलंच नाही तर, नियमाने बघता, तो अजूनही त्रिकुटातच होता.

लोक गप्प होऊन ऐकू लागले. मासा संपला होता.

व्हर्ना पुढे आली. "बोटं जाणवतायत का?"

"दिसतायत."

"ठेव खाली तो पेटारा."

"गाणं अर्धं राहिलंय, व्हर्ना."

"बाकीचं अर्धं गाडीत बसून गेलं."

एकलानंतर सवाल-जवाब असतो: चार आवर्तनं बेसची, चार ड्रमची. एल्वुडने आपली चार वाजवली आणि डेल्बर्टची चार पायाने ताल धरून मोकळी सोडली. मग पुन्हा आपली. मोकळ्या जागेत पंखा ऐकू येत होता, ग्लासातला बर्फ खाली बसताना ऐकू येत होता. तिसऱ्या खेपेला डेल्बर्टची मोकळी चार संपताच पिवळ्या टोपीवाल्या एका बाईला राहवलं नाही. तिने टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवल्या. डेल्बर्टने इतक्या संयमाने कधीच वाजवलं नव्हतं.

आता एल्वुडची पाळी होती. त्याने बोट तारेवर ठेवलं. ते दाबलंच जाईना. त्याची चार आवर्तनं तशीच गेली. मग डेल्बर्टची चार गेली. दोन्हींत ऐकायला काही फरक नव्हता. पण टाळ्या डेल्बर्टलाच पडल्या.