खाचा पाडायचं मशीन

कोरियातल्या देगू शहराच्या अवजार गल्लीतून बोनसिक पुन्हा रिकाम्या हातांनी परतला, तेव्हा ह्यांगमीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

नवराबायकोचा तळघरात गाण्याच्या खोल्यांचा धंदा होता. लोक तासावर खोली घ्यायचे आणि माइक धरून मनसोक्त गायचे. वरच्या मजल्यावरचा सुया टोचणारा वैद्य मात्र हल्ली रोज जिना उतरून भांडायचा, एवढा आवाज पूर्वी नव्हता म्हणून. शेवटी बोनसिकनं ठरवलं, एमडीएफच्या, म्हणजे दाबलेल्या भुशाच्या फळ्यांना बारीक लांब खाचा पाडायच्या, मागे लोकर भरायची आणि त्या भिंतींना ठोकायच्या. आवाज खोलीतच जिरेल. पण हातातल्या जिगसॉ करवतीनं खाच नागमोडी गेली. उसन्या राउटरनं, म्हणजे लाकूड कोरायच्या मशीननं, कडा जळून काळ्या झाल्या, वर त्याचं कोरायचं बिटही मोडलं. तेव्हापासून नव्या मशीनसाठी फेऱ्या सुरू होत्या, त्याही एकाच दुकानात. दुकान यॉनह्वा नावाच्या बाईचं.

"एक मशीन निवडायला इतके दिवस?" ह्यांगमीनं विचारलं.

"अगं, चालवून बघावं लागतं."

"मशीनच ना?" ती पुटपुटली.

तो किमचीच्या वाटीत बघत जेवत राहिला.

दुसऱ्या दिवशी तीही बरोबर निघाली. यॉनह्वानं लगेच स्टूल पुढे केलं. "या वहिनी! दादा सारखे तुमच्याबद्दल बोलतात." ओठ लालभडक रंगवलेले. ह्यांगमी बसली नाही.

टेबलावर दोन मशिनं मांडलेली होती, एक छोटा राउटर आणि एक पट्टीवरून सरकणारी, पातळ पात्याची करवत. यॉनह्वानं राउटर एमडीएफच्या तुकड्यात घातला. बोनसिकनं टेबलावर तळहात टेकला, अगदी तिच्या हाताशेजारी, आणि डोळे मिटून घेतले.

"पुन्हा लावा."

तिनं पुन्हा लावला.

ह्यांगमीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "हेच चालतं का रोज इथे?"

तो वळलासुद्धा नाही. यॉनह्वाचं हसू मावळलं. तिनं ह्यांगमीला खुणेनं गप्प केलं, राउटर बंद केला आणि बोनसिकच्या पाठीमागे जाऊन एक बॅटरी चार्जरमध्ये सरकवली. चार्जर टुईं टुईं करू लागला, कानात दाभण घुसावं तसा. ह्यांगमीनं कानावर हात ठेवले. बोनसिक शांतपणे खोक्यावरचा मजकूर वाचत होता.

"मला वाटलं, घरी ठाऊक असेल," यॉनह्वा हळूच म्हणाली.

ह्यांगमीनं त्याला दंडाला धरून कोपऱ्यावरच्या खाण्याच्या गाडीशी नेलं. "कधीपासून ऐकू येत नाही?"

आधी तो चिडला, मग खांदे पाडून म्हणाला, "मशीनचा सूर उतरला की हात सैल करायचा, चढला की पुढे ढकलायचं. मला तो सूर नीट कळतच नाही. हाताला तरी जाणवतोय का, ते बघत होतो."

"आणि खोल्यांमधला आवाज?"

तो चॉपस्टिक्सशी चाळा करत राहिला. "मीच वाढवत गेलो गं. वाटायचं, गाणाऱ्यांना ऐकू जात नसेल."

ह्यांगमीला हसावं की रडावं कळेना. वैद्याला आपली जागा बळकावायची आहे, असं ती गल्लीभर सांगत सुटली होती.

करवत तिनंच घेतली. पट्टीवर हात भरकटायला वाव नव्हता. तळघरात काम सुरू झालं, तेव्हा तोंडाला मास्क बांधून ती त्याच्या शेजारी उभी राहिली. सूर उतरला की हात वर करायची, आणि तो थबकायचा. खाचा सरळ आल्या. खोल्यांमधला आवाज तिनं त्याआधीच कमी करून टाकला होता. वैद्य भांडायला यायचा थांबला. ती मात्र एक दिवस फळं घेऊन खाली मान घालून वर जाऊन आली.

मग कानाचा दवाखाना. काचेच्या खोलीत बसायचं आणि आवाज आला की बटण दाबायचं. बोनसिक भराभर दाबत सुटला. ह्यांगमी बाहेरून टक लावून बघत होती.

"बाई, आत्ता आवाज सोडला होता तुम्ही?" तिनं तपासणारीला विचारलं.

"नाही."

"मग पहिल्यापासून घ्या. हा माणूस लबाडी करतोय."