डाव्या बुटाचा कॉर्क

दुपारची झोप झाली की खिळ्या उठायचा. म्हणजे उठायची खटपट करायचा. पुढचे पाय उभे राहायचे, मागचे ऐकायचे नाहीत. तरी तो पांढऱ्या तोंडाचा म्हातारा कुत्रा घसटत जिन्याच्या दारापर्यंत जायचा आणि शेपूट हलवायचा. मग कुणाच्या तरी पायाला लागून चालल्यासारखा खिडकीजवळच्या खुर्चीपाशी यायचा आणि तिथेच मान टाकून पडायचा. दारात कुणी नसायचं. खुर्ची रिकामी असायची. त्यातून खिळ्याला दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हतं.

बूटवाले काका टेबलामागून श्वास रोखून हे बघत बसायचे. काकू बाजारातून परत यायच्या त्या याच वेळेला. त्यांना जाऊन दोन हिवाळे झाले होते.

आता तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. म्हणा बापडे. काका चांगले खमके होते. जन्मभर खालच्या दुकानात बसून त्यांनी लोकांचे बूट दुरुस्त केले आणि भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला तिथल्या तिथे गप्प बसवलं. पण खिळ्या पिल्लू असल्यापासून, दुकानातले खिळे तोंडात धरून पळायचा तेव्हापासून, काकूंची चाल ओळखायचा. काकूंचा डावा पाय जरा आखूड होता. त्यांच्या डाव्या बुटाच्या तळाला काका कॉर्कचा थर लावून द्यायचे. त्यामुळे जिन्यावर एक पाऊल हलकं वाजायचं, एक जड. ते पाऊल वाजलं की खिळ्या तोंडातलं हाड टाकून धावायचा.

खिळ्याला सांभाळता सांभाळता काकांच्या नाकी नऊ आले होते. त्याच्या मूत्रपिंडांनी हात टेकले होते. काकांनी कातड्याचा रुंद पट्टा शिवून त्याच्या पोटाखालून घेतला होता. त्या पट्ट्याने त्याचं मागचं अंग उचलून ते त्याला जिना उतरवायचे. एका पायरीवर कुत्रा कण्हायचा, पुढच्या पायरीवर काका.

लेक फोनवर म्हणाली, "बाबा, हाल करताय तुम्ही त्याचे. जनावरांच्या डॉक्टरीणबाई त्याला सुई देऊन सोडवा म्हणाल्या, ते ऐकलंत ना?"

"माझी गुडघेदुखी ऐकून मलाही सुई देशील का गं?" काका म्हणाले.

"विषय बदलू नका."

काकांनी फोन ठेवला. खरं कारण त्यांना लेकीला सांगता येईना. खिळ्या गेला तर दुपारी दारात सामोरं कोण जाणार? तिची आई आली तरी आली हे कोण सांगणार? या एका भीतीपायी ते त्याच्या घशात औषधं उतरवत होते.

मग खिळ्याने दाराकडे जाणं सोडलं. एक दुपार गेली, दुसरी गेली. तो पडल्या जागी धापा टाकत राहिला. ती यायची थांबली, असंच काकांच्या मनाने घेतलं.

अशा वेळी माणूस काय करेल सांगता येत नाही. काकांनी कपाटातून कॉर्क काढला, काकूंच्या बुटाला असायचा तेवढाच जाड कापला आणि आपल्या डाव्या बुटाला चिकटवून, किनार घासून साफ केली. हात सुंदर चालला, काम बघून स्वतःच खूश झाले. मग बूट घालून जिन्यात गेले आणि चार पायऱ्या चढून आत आले. एक हलकं, एक जड.

खिळ्याचे कान उभे राहिले. शेपूट फरशीवर आपटलं. कुठून बळ आणलं कोण जाणे, तो सरपटत आला आणि त्याने बुटाला नाक लावलं.

मग तो मागे सरला. आयुष्यात काकांवर कधी न गुरगुरलेला कुत्रा हलकेच गुरगुरला. काकांना वळसा घालून दारापाशी गेला आणि तिथे दार खरवडत रडायला लागला.

काका मटकन खुर्चीत बसले. आपण मुक्या जिवाच्या तोंडाला पानं पुसली, याची त्यांना मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटली. आणि इतके दिवस आपल्याला कळलं कसं नाही? ती घरी बसायला येत नव्हती. ती त्याला न्यायला येत होती, आणि आपण रोज पट्टा धरून त्याला मागे ओढत होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरीणबाई आल्या. काकांनी बूट टेबलाखाली सारले आणि अनवाणी फरशीवर बसून खिळ्याचं डोकं मांडीवर घेतलं. "जा रे राजा," ते म्हणाले. "मी नाही अडवत आता." सुई टोचली तेव्हा खिळ्याचं तोंड दाराकडे होतं. शेपूट दोनदा हललं, मग थांबलं.

डॉक्टरीणबाईंनी सुई डब्यात ठेवली. मग पिशवी उचलून, काकांच्या खांद्यावर हात ठेवून निघाल्या. दार उघडलं आणि उंबऱ्यातच थबकल्या.

"काय झालं?" काकांनी विचारलं.

"काही नाही. जिन्यात कुणीतरी आहे, सावकाश उतरतंय. पाय अधू दिसतोय बिचाऱ्यांचा." त्या कठड्याशी बाजूला झाल्या. "घाई नाही मला."

काकांनी आधी टेबलाखाली बघितलं. बूट तिथेच होते.

"हो," ते म्हणाले. "त्यांना आधी जाऊ द्या."

मग पाऊल ऐकू येईनासं होईपर्यंत त्यांनी खिळ्याच्या कानांवरचा हात काढला नाही.